पहिली दहा पावले



कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ आणि खंडोबा तालीम मंडळ यांचा सामना रंगला की साऱ्या प्रेक्षकांची नजर चेंडूवर खिळलेली असते. ती नजर दहा मिनिटे एकाच आघाडीच्या खेळाडूवर ठेवून पाहावी. तो बराच वेळ चालतो, संथपणे धावतो, क्वचित उभाही राहतो. आणि मग एकाएकी दोन-तीन सेकंद सर्वशक्तीनिशी धाव घेतो. नव्वद मिनिटांत खेळाडू सुमारे १० किलोमीटर अंतर कापतो, पण त्यातील वेगवान धावा बहुधा २० मीटरच्या आतच संपतात. सामन्याचा निकाल मात्र पुष्कळदा याच धावांवर ठरतो. जर्मनीच्या अव्वल साखळी स्पर्धेतील ३६० गोलांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोल करणाऱ्या खेळाडूने गोलापूर्वी केलेल्या जोरकस हालचालींत सरळ रेषेतील वेगवान धाव सर्वाधिक वेळा, म्हणजे सुमारे ४५ टक्के गोलांच्या वेळी, आढळून आली.

आता आपल्या शाळांच्या मैदानाकडे वळावे. सरावाचा आरंभ मैदानाला दहा फेऱ्यांनी होतो आणि उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा म्हणून आणखी पाच मिळतात. फेऱ्यांनी दम वाढतो, हे खरे. पण थकलेल्या पायांनी मूल सावकाश धावण्याचाच सराव करीत असते. सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत २०१७ साली भारतातर्फे आघाडीला खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा. असे गुण इतर तालुक्यांतील मुलांतही असतील. परंतु सुरुवातीच्या पावलांत मागे पडणारा मुलगा 'मंद' ठरवून संघाबाहेर ठेवला जातो आणि ती पावले शिकवता येतात, याचा विचारच होत नाही.

वेगवान धावेसाठी लागणारी शक्ती स्नायूंत साठवलेली असते आणि ती काही सेकंदांतच ओसरते. साठा पुन्हा भरण्यास काही मिनिटे लागतात. म्हणून वेगाच्या सरावात विश्रांती हा आळस नव्हे, तो सरावाचाच भाग होय. दहा मीटर धावल्यावर सुमारे एक मिनिट आणि वीस मीटर धावल्यावर दोन मिनिटे थांबावे. एका दिवशी अशा दहा-बारा धावा पुरेत. अंग गरम केल्यानंतर, चेंडूचा खेळ सुरू होण्यापूर्वी, आठवड्यातून दोनदा हा सराव घ्यावा. पाय जड पडू लागले की त्या दिवसापुरते थांबावे.

धाव घेताना शरीर घोट्यापासून पुढे झुकलेले असावे, कमरेत वाकलेले नसावे. पहिली पावले आखूड असावीत आणि प्रत्येक पावलाने जमीन मागे रेटावी. हात आखडून न धरता जोराने हलवावेत. सुरुवात दर वेळी निराळी असावी: कधी पालथे पडून, कधी पाठमोरे उभे राहून, कधी एका गुडघ्यावर बसून. या बाबतीत आपला खो-खो फार मोलाचा आहे. 'खो' मिळताच बसल्या जागेवरून उसळणारा खेळाडू हेच कसब दररोज गिरवीत असतो. फुटबॉलच्या मुलांना खो-खोपासून दूर ठेवणारे शिक्षक त्यांचे नुकसानच करतात. तालमीतील बैठकाही उपयोगी आहेत. मात्र शेकड्यांनी बैठका मारण्याच्या चढाओढीपेक्षा मोजक्या, जोरकस उड्या वेगासाठी अधिक हितावह.

वेगाबरोबर दुखापतीचा धोकाही येतो. मांडीच्या मागील बाजूचा स्नायू पूर्ण वेगात फाटतो आणि खेळाडू कित्येक आठवडे घरी बसतो. यावर बिनखर्चाचा एक व्यायाम आहे. खेळाडूने गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने त्याचे घोटे जमिनीवर घट्ट दाबून धरावेत आणि खेळाडूने कंबर सरळ ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढे झुकत जावे. तोल सावरेनासा झाला की हात टेकावेत. हा व्यायाम नियमाने करणाऱ्या संघांत अशा दुखापती निम्म्याच्या आसपास घटल्याचे अनेक देशांतील पाहणीत दिसले आहे. आरंभी आठवड्यातून एकदा, चार-पाच वेळाच करावा. कारण पहिल्या दिवसांत मांड्या चांगल्याच ठणकतात आणि मुले कंटाळून सोडून देतात.

प्रगती मोजताना मात्र घड्याळावर फार विसंबू नये. हाताने दाबायच्या घड्याळात पाव सेकंदापर्यंतची चूक सहज राहते आणि दहा मीटरमधील खरी सुधारणा त्याहून लहान असते. त्यापेक्षा बरोबरीच्या दोन मुलांच्या पुढे चेंडू टाकून तो कोण आधी गाठतो, हे पाहावे. मुलींचे सरावही असेच घ्यावेत. त्यांच्यासाठी निराळी, सौम्य पद्धत शोधण्याचे कारण नाही.

पंचायत सदस्यांकडून यासाठी मोठ्या निधीची अपेक्षा नाही. चाळीस मीटर लांब आणि पाच-सहा मीटर रुंद असा सपाट पट्टा पुरतो: वीस मीटर धावण्यास आणि उरलेला वेग आवरण्यास. शाळेच्या मैदानावर लग्नसराईत मांडवाचे खांब रोवले जातात आणि त्यांचे खड्डे तसेच राहतात. ते बुजवून, खडे वेचून, पट्टा दाबून घेण्याचे काम जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी उरकावे.