विक्रीची वही आणि सरासरी

पुण्याहून पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्यानें पिरंगुट गांठलें, कीं मुळशी तालुक्यांतील उरवडे हें गांव फारसें दूर राहत नाहीं. या भागांत आतां कारखाने उभे राहिले आहेत. तथापि तालुक्याची जुनी ओळख भाताचीच आहे. पावसाळ्यांत लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, त्यानंतर मळणी आणि भरडाई, असा क्रम आटोपला म्हणजे नवा तांदूळ विक्रीस येतो. पुण्यांतील पुष्कळ कुटुंबें वर्षाचा तांदूळ एकदम भरून ठेवतात, आणि मुळशी-मावळचा तांदूळ म्हटला कीं त्यांच्या डोळ्यांपुढें दोन नांवें हटकून उभीं राहतात: एक आंबेमोहोर आणि दुसरें इंद्रायणी.

हा तांदूळ विकणाऱ्या शेतकऱ्याच्या घरीं विक्रीची वही असते. कोणाची ती रोजमेळ-खतावणीच्या रीतसर वळणाची, तर कोणाची शाळकरी मुलाच्या उरलेल्या पानांवर पेन्सिलीनें लिहिलेली. वर्ष संपलें म्हणजे या वहीला एकच प्रश्न विचारला जातो: "यंदा विक्री कशी झाली?" आणि वहीकडून बहुधा एकच उत्तर काढून घेतलें जातें: "सरासरी इतकी झाली." त्या एका आंकड्यानें घरच्या सर्वांचें समाधान होतें. तें समाधान कितपत साधार आहे, हें तपासण्याचें काम संख्याशास्त्राच्या ज्या शाखेकडे येतें, तिला वर्णनात्मक संख्याशास्त्र असें म्हणतात. ही शाखा भविष्य सांगत नाहीं. हातांत असलेल्या आंकड्यांचें खरें रूप कसें आहे, एवढेंच ती दाखविते. परंतु पुढील वर्षाचे निर्णय याच रूपावर घेतले जात असल्यामुळें तें चुकीचें दिसलें, तर त्याचा भुर्दंड घराला सोसावा लागतो.

बाजारांतील विक्री हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय होऊं शकतो, ही जाणीव पुण्यास नवी नाहीं. १९३० सालीं पुण्यांत गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि १९३३ सालीं धनंजयराव गाडगीळ व त्यांचे सहकारी यांनीं केलेली पुण्याच्या फळबाजाराची पाहणी त्या संस्थेनें प्रसिद्ध केली. मोठमोठ्या सिद्धांतांच्या आधीं बाजारांतील करंड्या, भाव आणि दलाली यांचे आंकडे धीरानें मांडले पाहिजेत, अशी या अभ्यासामागील दृष्टि होती. तीच दृष्टि एका घरच्या वहीलाही लावतां येते.

समजा, उरवड्याच्या एका शेतकरी कुटुंबानें आपला तांदूळ रस्त्याकांठच्या स्वतःच्या दुकानांतून विकला आणि रोजची विक्री टिपून ठेविली. हें कुटुंब काल्पनिक आहे, आणि त्याच्या वहींतील वजनें व भावही केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. त्यांतून निघणारा प्रश्न मात्र काल्पनिक नाहीं. ऐकणाऱ्यांनीं हे आंकडे हवे तर कागदावर टिपून घ्यावे. ते थोडे आणि सोपे आहेत.

एका आठवड्याची विक्री अशी झाली: २०, २५, २५, ३०, २५, ३५ आणि शेवटच्या दिवशीं १९० किलो. बेरीज ३५०. तिला सातांनीं भागलें म्हणजे रोजची सरासरी ५० किलो येते. गणितांत कोठेंही चूक नाहीं. परंतु वहीकडे पुन्हां पाहिलें, तर सातांपैकीं एकाही दिवशीं पन्नास किलो तांदूळ विकला गेलेला नाहीं. सहा दिवस विक्री पस्तिसांच्या पुढें गेली नाहीं. सातव्या दिवशीं एखाद्या लग्नघरची मोठी मागणी आली आणि तिनें सबंध आठवडा वर ओढला. रोज पन्नास किलो खपतात, या समजुतीवर त्या घरानें दुकानांत पगारी माणूस ठेवला किंवा कर्जाचा हप्ता बांधून घेतला, तर लग्नसराई संपल्यावर तो पगार आणि तो हप्ता कोठून भरावयाचा?

अशा वेळीं आंकडे चढत्या क्रमानें मांडून पाहावे: २०, २५, २५, २५, ३०, ३५, १९०. यांतील बरोबर मधला, म्हणजे चौथा आंकडा २५ आहे. त्यास मध्यक म्हणतात. सर्वांत अधिक वेळां आलेला आंकडाही २५ च आहे. त्यास बहुलक हें नांव आहे. लग्नघरानें १९० च्या ऐवजीं ५०० किलो नेले असते, तर सरासरी एकदम चौऱ्याण्णवांवर गेली असती. मध्यक मात्र पंचविसांवरून तिळभरही हलला नसता. साधारण दिवस कसा असतो, असें विचारणाऱ्यास मध्यकाचें उत्तर अधिक विश्वासाचें ठरतें.

यावरून सरासरी टाकाऊ ठरते, असें मात्र नव्हे. वर्षाला एकंदर किती भात भरडून ठेवावें, हें ठरवितांना बेरीजच लागते, आणि सरासरी हें बेरजेचेंच दुसरें रूप आहे. त्याचप्रमाणें १९० हा अडचणीचा आंकडा वहींतून खोडून टाकणें हाही उपाय नव्हे. प्रथम पाहावयाचें तें हें, कीं १९ लिहितांना पुढें चुकून शून्य तर पडलें नाहीं? आंकडा खरा ठरला, तर तो वेगळा काढून त्याची चौकशी करावी. आठवड्याच्या विक्रीपैकीं निम्म्याहून अधिक, म्हणजे शेंकडा ५४ विक्री, एकाच गिऱ्हाइकाची आहे, ही गोष्ट सरासरीनें सांगितली नव्हती. तें गिऱ्हाईक पुढील वर्षीं दुसरीकडे वळलें तर काय, हा विचार त्या एका आंकड्यामुळें सुचतो.

सरासरीच्या आड काय काय दडूं शकतें, याचा एक प्रसिद्ध दाखला पुण्याच्या परिसरांतच आहे. पुणें कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं आतां पिंपरी-चिंचवडच्या हद्दींत आलेल्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी केली आणि १९१७ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. १७७१ सालीं त्या गांवांतील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होतें. १८१८ सालीं तें साडेसतरा एकरांवर आलें, आणि १९१४-१५ च्या सुमारास अवघें ७ एकर उरलें. एवढें सांगूनही पुरें झालें असतें. परंतु मॅनसाहेब तेथें थांबले नाहींत. एकूण खात्यांपैकीं शेंकडा ८१ खातीं दहा एकरांच्या आंतील, आणि शेंकडा ६० खातीं तर पांच एकरांच्याही आंतील होतीं, हें त्यांनीं पुढें मांडलें. म्हणजे सरासरी सात एकर असूनही गांवांतील बहुसंख्य खातेदारांच्या वांट्यास ते सात एकर कधीं आलेच नव्हते. थोड्या मोठ्या खात्यांनीं सरासरी वर नेली होती. तांदळाच्या वहींत लग्नघराच्या मागणीनें जें केलें, तेंच येथें जमिनीच्या बाबतींत घडलें.

आतां दुसरी गोष्ट आंकड्यांच्या पसाऱ्याची. दोन दुकानांच्या पांच आठवड्यांच्या विक्रीची तुलना करावयाची आहे, असें धरूं या. पहिल्या दुकानांत ४५, ४८, ५०, ५२ आणि ५५ किलो तांदूळ गेला. दुसऱ्यांत १०, २०, ५०, ८० आणि ९० किलो. दोन्ही दुकानांची सरासरी ५०, आणि मध्यकही ५० च. कागदावर हीं दुकानें जुळीं भावंडें वाटतात. परंतु प्रत्येक आठवडा सरासरीपासून किती दूर गेला, हें मोजून त्या अंतरांची सरासरी काढली, तर पहिल्या दुकानांत ती २·८ किलो येते आणि दुसऱ्यांत २८ किलो, म्हणजे बरोबर दसपट. अंतरांचे वर्ग करून, त्यांची सरासरी काढून, तिचें वर्गमूळ घेण्याचीही एक रीत आहे; तिला प्रमाण विचलन म्हणतात, आणि तिनेंही हाच अर्थ निघतो. पहिल्या दुकानदाराला साठ किलोंचा सांठा पुरतो. दुसऱ्याला नव्वद किलो हाताशीं ठेवावे लागतात, आणि ज्या आठवड्यांत दहाच किलो खपतात, त्या आठवड्यांत त्याचा पैसा पोत्यांत अडकून पडतो. विक्री सारखी असूनही एकाची झोंप शांत आणि दुसऱ्याची उडालेली, याचें कारण सरासरींत सांपडत नाहीं. तें पसाऱ्यांत सांपडतें.

यापुढची चूक अधिक घातक आहे, कारण ती करणाऱ्यास आपण चुकत आहों असें वाटतच नाहीं. ती म्हणजे भिन्न जातींच्या वस्तूंची एकत्र सरासरी. आंबेमोहोराचा दाणा आंखूड, वास आंब्याच्या मोहोराची आठवण करून देणारा, पीक कमी आणि म्हणून भाव अधिक. इंद्रायणी हा वाण वडगांव मावळच्या भात संशोधन केंद्रांत तयार होऊन १९८७ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आला. त्याच्या वंशांत आंबेमोहोर आहे, पण पीक पुष्कळ अधिक येतें. समजा, त्या कुटुंबानें पहिल्या वर्षीं इंद्रायणी ६० रुपये किलो दरानें १०० किलो विकला आणि आंबेमोहोर १०० रुपये दरानें १०० किलो. दोनशें किलोंचे १६,००० रुपये आले. किलोमागें सरासरी ८० रुपये. दुसऱ्या वर्षीं दोन्ही भाव शेंकडा दहांनीं वाढले: इंद्रायणी ६६ रुपये, आंबेमोहोर ११० रुपये. परंतु या वर्षीं इंद्रायणी ३०० किलो गेला, आंबेमोहोर पूर्वीइतकाच १०० किलो. चारशें किलोंचे ३०,८०० रुपये आले, आणि किलोमागें सरासरी पडली ७७ रुपये.

दोन्ही तांदळांचा भाव वाढला आणि सरासरी भाव उतरला! यांत कोणतीही जादू नाहीं. स्वस्त तांदळाचा वांटा निम्म्यावरून तीनचतुर्थांशावर गेला, एवढेंच घडलें. परंतु केवळ सत्त्याहत्तर हा आंकडा पाहणारा घरधनी असें समजेल, कीं बाजार पडला. "आंबेमोहोराच्या मागें लागून भाव काय मिळाला?" असें म्हणून तो पुढील वर्षीं आंबेमोहोराचें खाचर मोडील. वस्तुतः आंबेमोहोराचा भाव दहा रुपयांनीं वाढला होता, आणि तितकाच मालही खपला होता. अशा रीतीनें एका घरानें, मग दुसऱ्या घरानें तो वाण सोडला, म्हणजे घरचें जपलेलें बियाणेंही हळूहळू नाहींसें होतें. आणि बियाणें गेल्यावर हिशेबाची चूक ध्यानांत आली, तरी ती दुरुस्त करणें सोपें राहत नाहीं. आंबेमोहोर ठेवावा किंवा न ठेवावा, हें पीक, खर्च आणि श्रम पाहून त्या कुटुंबानें ठरवावें. पण चुकीच्या सरासरीच्या सांगण्यावरून ठरवूं नये.

वर्गीकरणाचें हें महत्त्व गिऱ्हाइकाच्या बाजूनेंही तितकेंच आहे. दिसावयास सारखा असलेला बाहेरचा तांदूळ आंबेमोहोर या नांवानें विकला जातो, ही पुण्याच्या बाजारांतील जुनी तक्रार आहे. आंबेमोहोरास आतां भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. तरीसुद्धां दुकानदाराच्या वहींत एकाच नांवाखालीं दोन तांदूळ लिहिले जात असतील, तर त्या वहींतून निघणारी आंबेमोहोराची सरासरी ना खऱ्या आंबेमोहोराची, ना त्या दुसऱ्या तांदळाची.

शेवटीं काळाचा विचार. यंदाच्या ऑगस्टची तुलना गेल्या ऑगस्टशीं करणें रास्त दिसतें. परंतु सण पंचांगाप्रमाणें येतात, इंग्रजी महिन्याप्रमाणें नव्हे. गणेशचतुर्थी २०२४ सालीं ७ सप्टेंबरास आली आणि २०२५ सालीं २७ ऑगस्टास. उकडीच्या मोदकांच्या पिठीसाठीं होणारी तांदळाची खरेदी एका वर्षीं सप्टेंबरांतही चालली असेल, तर दुसऱ्या वर्षीं ती ऑगस्टमध्येंच आटोपली असेल. केवळ महिन्यांचे आंकडे शेजारीं ठेवणारास ऑगस्टमध्यें भरभराट आणि सप्टेंबरांत मंदी दिसेल. वास्तविक गणपति अकरा दिवस आधीं आले, एवढेंच घडलेलें असेल. म्हणून सणाशीं सण आणि हंगामाशीं हंगाम लावून पाहावा.

वहीपुढें बसणाऱ्यानें पाळावयाचा क्रम असा सांगतां येईल. प्रथम जातवार आणि हंगामवार आंकडे निराळे करावे. मग ते चढत्या क्रमानें मांडून लहानांत लहान, मोठ्यांत मोठा आणि मधला आंकडा पाहावा. विचित्र दिसणाऱ्या आंकड्याची चौकशी करावी. पसारा किती आहे तें मोजावें. आणि इतकें झाल्यावर, सर्वांत शेवटीं, सरासरी काढावी. यासाठीं कोणत्याही यंत्राची गरज नाहीं. एक पेन्सिल, एक कोरें पान आणि संध्याकाळचा अर्धा तास पुरतो. आज हें काम संगणक क्षणांत करून देतो. परंतु आंबेमोहोर आणि इंद्रायणी यांचीं पानें वेगळीं ठेवावयास पाहिजेत, हें त्याला आधीं कोणी तरी सांगावें लागतें, आणि तें सांगणारा माणूस शेत आणि दुकान दोन्ही ओळखणारा असावा लागतो.

शहरांतील घरखर्चाच्या वहीलाही हाच नियम लागू आहे. महिन्याची सरासरी पाहून निश्चिंत होणाऱ्या कुटुंबाला शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि एखादें आजारपण एकाच महिन्यांत आलें म्हणजे सरासरीचा उपयोग कळून येतो. उरवड्याचा शेतकरी काय, किंवा त्याच्याकडून तांदूळ भरणारी पुण्याची गृहिणी काय, दोघांनाही जगावें लागतें तें एकेका दिवसाच्या आणि एकेका महिन्याच्या आंकड्यावर. सरासरी हा त्या सर्वांचा गोषवारा आहे. गोषवारा वाचावा, पण निर्णय घेण्यापूर्वीं मूळ पान उलटून पाहावें.