प्रशिक्षणाचे मोजमाप अंगणवाडीत व्हावे

(बालविकास प्रकल्पांतील अधिकारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अंगणवाडीसेविकांच्या प्रशिक्षणाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. त्या प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाविषयी मात्र क्वचितच. वर्ग भरला, हजेरीपट पूर्ण झाला, समारोपाला प्रमाणपत्रे वाटली गेली आणि खर्चाचा हिशेब वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना झाला, की कार्यक्रम यशस्वी झाला अशी नोंद होते. किती सेविकांना किती दिवस शिकविले, एवढे त्या नोंदीवरून कळते. त्या शिकविण्यामुळे गावातील बालकाच्या वाट्याला काय आले, हे कळत नाही. आज मला या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

महाराष्ट्राला या विषयाची जुनी परंपरा आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले व पुढे ते कोसबाडला नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे, हा विचार तेथे रुजला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ झाला आणि पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवांचा भार अंगणवाडीवर आला. मे २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम जाहीर केला. तेव्हापासून लहान मुलांच्या शिक्षणासाठी सेविकांना नव्याने शिकविण्याचे काम देशभर हाती घेण्यात आले आहे. एवढ्या मोठ्या खटाटोपाचे फळ कशावरून ओळखावयाचे, हे आताच ठरविणे अगत्याचे आहे.

मूल्यमापनाच्या चार पायऱ्या

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या. शिकणाऱ्याला वर्ग कसा वाटला, ही पहिली. तो काय शिकला, ही दुसरी. कामावर परतल्यावर त्याच्या वागण्यात काय बदलले, ही तिसरी. आणि त्या बदलाचा अंतिम परिणाम काय झाला, ही चौथी.

आपले बहुतेक अहवाल पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात. ‘प्रशिक्षण उपयुक्त वाटले का?’ या प्रश्नाला सेविका ‘होय’ असेच उत्तर देणार. समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना ती दुसरे काय सांगणार? वर्गाच्या आरंभी व अखेरीस घेतलेल्या लेखी चाचणीत गुण वाढतात, ही समाधानाची गोष्ट खरी. पण दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास बालक तीव्र कुपोषित समजावे, हे कागदावर लिहिणे वेगळे आणि रडणाऱ्या मुलाच्या दंडाच्या नेमक्या मध्यावर, फार न आवळता, फीत धरणे वेगळे. पहिले ज्ञान आहे, दुसरे कौशल्य. कौशल्याची परीक्षा लेखणीने होत नाही, ती हाताने काम करताना पाहावी लागते. म्हणून तिसरी पायरी पाहावयाची तर वर्ग संपून तीन-चार महिने लोटल्यावर अंगणवाडीतच गेले पाहिजे.

आकडे वाढले तर घाबरू नये

येथे एका गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. सेविका वजन करण्यास नीट शिकली, की तिच्या नोंदवहीत कमी वजनाच्या बालकांची संख्या पुष्कळदा प्रथम वाढते. बालके अचानक खंगलेली नसतात. पूर्वी न दिसलेली बालके आता दिसू लागलेली असतात. काटा शून्यावर आणल्याशिवाय वजन केले, जाड कपडे उतरविले नाहीत, मागच्या महिन्याच्या आकड्यात अंदाजाने थोडी भर घातली, तर अशक्त मूलही कागदावर सशक्त ठरते. प्रशिक्षणाने हे दोष दूर केले, तर चित्र आधी काळवंडते आणि तेच खरे चित्र असते.

अशा वेळी आपण काय करतो? मासिक सभेत त्या सेविकेला उभे करून ‘तुमच्याकडेच संख्या का वाढली?’ असे विचारतो. आणि जिचे आकडे महिनोन् महिने जागचे हलत नाहीत, तिला शाबासकी देतो. या एका प्रश्नाने सबंध प्रशिक्षण पाण्यात जाते. काय लिहिले असता बोलणी खावी लागत नाहीत, हे सेविका त्या दिवशी शिकते, आणि हा धडा ती पुन्हा विसरत नाही. मग उपचार केंद्रात पाठवावयास हवे असलेले बालक घरीच राहते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी सुमारे ३६ टक्के बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. सर्व तालुक्यांत हेच प्रमाण असेल असे नाही. तथापि एखाद्या प्रकल्पाच्या मासिक अहवालात हे प्रमाण त्याहून पुष्कळच कमी दिसत असेल, तर अभिनंदनाचा ठराव करण्यापूर्वी काही अंगणवाड्यांतील मुलांचे वजन पुन्हा करून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

गडचिरोलीचा धडा

चौथी पायरी, म्हणजे अंतिम परिणाम, मोजता येते काय? येते, आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. १९९३ ते १९९५ या काळात आधी जन्ममृत्यूंची काटेकोर नोंद ठेवण्यात आली. नंतर ३९ गावांत ही सेवा सुरू झाली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. सेवेच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी पडताळून पाहता, नवजात बालकांचा मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये नवजात बालकांच्या गृहभेटींचे काम देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे आले.

या प्रयोगातून दोन बोध घेण्यासारखे आहेत. कामाच्या आधीची स्थिती लिहून ठेवली होती, म्हणून नंतरचा फरक सांगता आला. आणि तुलनेला दुसरी गावे होती, म्हणून तो फरक केवळ काळाच्या ओघात पडला नाही, असे म्हणता आले. प्रत्येक तालुक्याला एवढे मोठे संशोधन करणे शक्य नाही. परंतु प्रशिक्षणास जाण्यापूर्वी काही अंगणवाड्यांची स्थिती नोंदवून ठेवणे आणि ज्यांची पाळी अद्याप आलेली नाही अशा अंगणवाड्यांशी ती ताडून पाहणे, यास वेगळे अनुदान लागत नाही.

दोष कोणाचा, हेही पाहावे

मूल्यमापनात अपयश दिसले तर ते सेविकेच्या माथी मारण्याची घाई होऊ नये. तिला बालगीते, गोष्टी, मातीकाम, रंगकाम सारे शिकविले. पण अंगणवाडीची खोली गळकी असेल, खेळणी कुलपात असतील आणि सकाळचा वेळ मोबाईलवर माहिती भरण्यात जात असेल, तर तिने शिकलेले वापरावे कोठे? काटाच मोडका असेल तर वजन करण्याचे उत्तम प्रशिक्षणही वाया जाईल. तेव्हा प्रत्येक भेटीत तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत: तिला येते काय? करण्याचे साधन व सवड तिच्यापाशी आहे काय? आणि ती करते काय? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले तर प्रशिक्षण सुधारावे. दुसऱ्याचे आले तर प्रशासनाने स्वतःकडे पाहावे. पहिल्या दोहोंचे उत्तर ‘होय’ असूनही काम होत नसेल, तरच सेविकेला जाब विचारणे न्याय्य होईल.

आपणा सर्वांचे काम

अधिकाऱ्यांना माझी विनंती अशी की, तपासणी आणि मूल्यमापन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. मूल्यमापनासाठी केलेल्या भेटीतील त्रुटींवरून नोटीस काढू नये. त्या त्रुटी प्रशिक्षण केंद्राकडे पाठवाव्यात, म्हणजे पुढील वर्गात नेमके काय अधिक शिकवावयाचे ते कळेल. पर्यवेक्षिकेने भेटीच्या वेळी वहीवर सही करण्याआधी दोन मुलांचे वजन सेविकेकडून आपल्यासमोर करवून घ्यावे.

शिक्षकांपाशी एक मोलाचा पुरावा दर जूनमध्ये आपण होऊन येतो. पहिलीत दाखल होणारे मूल पाच वाक्यांची गोष्ट ऐकून सांगते काय, दोन वस्तूंतील लहानमोठे ओळखते काय, इतर मुलांत मिसळते काय, हे त्यांनी टिपून अंगणवाडीताईंना आपुलकीने कळवावे. ग्रामपंचायत सदस्यांनी काटा, पाणी, छप्पर आणि शौचालय यांची काळजी वाहावी; आणि गावात कुपोषित बालके आढळली म्हणून गावाची बदनामी झाली असे न मानता, ती शोधून काढणाऱ्या सेविकेच्या पाठीशी उभे राहावे.

प्रशिक्षणावर होणारा खर्च जनतेचा आहे आणि त्याचा हिशेब द्यावाच लागतो. हजेरीपट आणि पावत्या हा त्या हिशेबाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा अंगणवाडीतल्या काट्यावर, मुलांच्या बोलण्यात आणि सेविकेच्या खऱ्या नोंदीत आहे. खरी नोंद करणाऱ्या सेविकेला शिक्षा होणार नाही, एवढी हमी आपण तिला दिली, तर त्या अर्ध्या भागाचा हिशेब ती स्वतःच आपणापुढे ठेवील.