ट्रॅक्टर सुरू होईना, दोष कुठे शोधावा?



परतीचा पाऊस उघडला, रान वापशावर आले, रब्बी ज्वारीचे बी घरात तयार आहे, आणि सकाळी चावी फिरवली तर ट्रॅक्टर सुरूच होत नाही. असा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांवर आला असेल. आपल्या काळ्या रानाचा वापसा कुणासाठी थांबत नाही. दोन-चार उन्हे कडक पडली की वरचा थर सुकला. म्हणून आज बी-खताऐवजी बंद पडलेल्या ट्रॅक्टरविषयीच बोलतो.

मी काही मिस्त्री नव्हे. परभणीला शिकताना इंजिनाचा एक पेपर होता, त्यात पासही झालो. पण खरी शिकवण मिळाली ती फुलंब्री तालुक्यातल्या एका गावी. हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक घ्यायला गेलो होतो. ज्यांच्या रानात ते ठरले होते त्या काकांचा ट्रॅक्टर पेरणी यंत्र जोडून दारात उभा, आणि भोवती दहा माणसे. एक म्हणे सेल गेला, दुसरा म्हणे नोजल गेले. सकाळपासून चावी मारून मारून बॅटरी बसली होती. पुतण्या मोटारसायकलवर शहरात जाऊन नवी बॅटरी घेऊन आला. ती जोडली, सेल जोरात फिरू लागला, पण इंजिन काही पेटेना.

मी विचारले, “काका, पहाटे पहिल्यांदा चावी मारली तेव्हा आवाज कसा आला?”

ते म्हणाले, “आवाज चांगला होता साहेब. फिरत होता गरगर. पेटत नव्हता एवढंच.”

म्हणजे बॅटरी मुळात चांगलीच होती. ती बसली आमच्याच हाताने. नव्या बॅटरीचे पैसे गेले आणि सकाळही गेली.

तर पहिली गोष्ट ही, की पाना हातात घेण्याआधी कान द्यावा. चावी दिल्यावर काहीच आवाज नाही, किंवा नुसते ‘टक’ होते, किंवा इंजिन कण्हत कण्हत फिरते, तर दोष विजेच्या बाजूला आहे. डिझेलच्या नळ्यांना हात लावू नका. इंजिन झपाट्याने फिरते पण पेटत नाही, तर विजेची बाजू सोडा आणि डिझेलकडे वळा.

विजेच्या बाजूची परीक्षा सोपी आहे. समोरचा दिवा लावून चावी मारावी. दिवा मंद झाला किंवा विझला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. दिवा तसाच लख्ख राहिला आणि सेल मुका, तर चावीचा स्विच, सेलवरचा सोलेनॉइड किंवा क्लचजवळचा सुरक्षा स्विच पाहावा. पुष्कळ ट्रॅक्टर क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर वायर काढून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा, पाणी आत जाऊ देऊ नये. वायर काढताना आधी ऋण टोकाची, बसवताना ती शेवटी. चासीला बांधलेली अर्थची पट्टीही घासून घट्ट करावी. तिच्याकडे कुणी बघत नाही. भरलेली बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली गेली तर ती भरून आणावी. आणि बॅटरीजवळ बिडी नको, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

आता डिझेलची बाजू. इथे डोळा सायलेन्सरवर ठेवावा. सेल फिरत असताना धूरच निघत नसेल, तर डिझेल इंजिनात पोचत नाही. पांढरा धूर निघाला, तर डिझेल पोचते पण पेटत नाही. डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की फवारलेले डिझेल आपोआप पेटावे, ही युक्ती रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत यशस्वी करून दाखवली. म्हणून कडाक्याची थंडी, मंद फिरणारा सेल, डिझेलात पाणी किंवा झिजलेल्या रिंगा, यांतले काहीही असले की पांढरा धूर येतो. काळा धूर आला तर प्रथम हवेचा फिल्टर बघा. तूर-सोयाबीनच्या मळणीनंतर तो भुशाने गच्च भरलेला असतो.

काकांच्या ट्रॅक्टरला धूर अजिबात नव्हता. टाकीत डिझेल होते, कॉक उघडा होता, इंजिन बंद करायची दांडीही आत होती. (ही दांडी ओढलेली राहून अर्धे गाव घाम गाळत बसलेले मी पाहिले आहे.) मग काकू ओट्यावरून म्हणाल्या, “काल सांजेला दोनदा बंद पडला होता की. दम खाऊन पुन्हा चालला.” दोष तिथेच सापडला. टाकीच्या झाकणाचे रबर हरवले होते, म्हणून पावसात पाणी जाऊ नये यासाठी पोराने झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी करकचून बांधली होती. टाकीत वरून हवा येईना, म्हणून डिझेल खाली उतरेना. आणि ओढ बसल्यावर एका सैल जोडातून नळीत हवा शिरली. पिशवी काढली, जोड आवळला, फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंप दाबला. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग अखंड धार. स्क्रू आवळला, पंपावरच्या स्क्रूचेही तसेच केले. तिसऱ्या चावीला इंजिन पेटले. पण तोवर दुपारचे दोन वाजले होते आणि ते रान पुरते पेरून झाले नाही.

पावसाळ्यात कॅनमधून आणलेल्या डिझेलबरोबर पाणी येते. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतही दव धरते. म्हणून टाकी संध्याकाळी भरावी आणि फिल्टरच्या तळाचे पाणी अधूनमधून सोडावे.

नोजलच्या नळ्या मात्र मिस्त्रीवर सोडा. तिथला फवारा कातडीतून आत शिरतो. टोचल्यासारखे बारीक दिसले तरी ताबडतोब घाटी दवाखाना गाठा, उद्यावर टाकू नका. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनात तर दाब फारच मोठा असतो, त्याची एकही नळी सैल करू नये.

चावी एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, मधे अर्धा ते एक मिनिट थांबावे. नाहीतर बॅटरी उतरते आणि सेलही जळतो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. सेल मुका झाला की काहीजण खाली उभे राहून, पान्याने सेलचे दोन बोल्ट जोडून इंजिन फिरवतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर सुरू होताक्षणी पुढे उडी घेतो, आणि तिथे उभा असलेला माणूस थेट मागच्या चाकाखाली जातो. अशाने माणसे गेली आहेत. सुरक्षा स्विचला बगल देण्याचा हा प्रकार घरच्या पोरांनाही करू देऊ नका. तपासणी करताना गिअर न्यूट्रल, ब्रेक ओढलेला, चाकाला दगड आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. चावी मारून बघायची झाली तर सीटवर बसूनच मारा.

मिस्त्रीला फोन करताना “ट्रॅक्टर बंद आहे” एवढेच सांगू नका. आवाज कसा, धूर कोणता, आणि आदल्या दिवशी काय झाले, हे तिन्ही सांगा. म्हणजे लागणारे सामान तो येतानाच घेऊन येईल.