हेलियमवर तरंगणारे इलेक्ट्रॉन

धातूच्या तारेतून धावणारे इलेक्ट्रॉन आपल्या ओळखीचे आहेत. पण तेच इलेक्ट्रॉन एखाद्या द्रवाच्या पृष्ठभागावर नुसते तरंगत ठेवता येतील का? येतात. मात्र तो द्रव हेलियम हवा, उणे २६९ अंश सेल्सिअसहूनही गार केलेला. एवढ्या थंडीत बाकीचे सगळे वायू गोठून भांड्याच्या भिंतींना चिकटतात. हेलियमचं पृष्ठ तेवढं लख्ख राहतं.

वर टंगस्टनची बारीक तार क्षणभर तापवली की तिच्यातून इलेक्ट्रॉन खाली उतरतात. हेलियम त्यांना किंचित ओढतो, पण आत शिरू देत नाही. मग सुमारे ११ नॅनोमीटरवर ते अधांतरी राहतात. वर-खाली जखडलेले, आडवे मोकळे. तापमान अर्ध्या केल्विनपर्यंत उतरवल्यावर ते एकमेकांना टाळत त्रिकोणी जाळीत बसतात. अशी जाळी होईल असं भौतिकशास्त्रज्ञ विग्नर यांनी १९३४ साली सांगितलं होतं. बेल लॅब्जमध्ये ग्राइम्स आणि अ‍ॅडम्स यांना ती दिसली १९७९ साली!

आता या पृष्ठाला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावू. इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरू लागतो, पण हव्या त्या ऊर्जेनं नाही. जिन्याच्या दोन पायऱ्यांच्या मधे उभं राहता येत नाही, तसंच. एक टेस्लाच्या क्षेत्रात या पायऱ्यांमधलं अंतर साधारण १.३ केल्विन तापमानाच्या ऊर्जेएवढं असतं. भांडं त्याहून बरंच गार असेल तर पायरी चढायला बळच उरत नाही.

खरी गंमत पुढे आहे. जपानमधल्या रिकेन संस्थेत कॉन्स्टँटिनोव्ह आणि कोनो यांनी या इलेक्ट्रॉनांवर नेमक्या कंपनसंख्येचे मायक्रोवेव्ह सोडले. इलेक्ट्रॉन पृष्ठापासून थोडा दूर, वरच्या पातळीवर जातो आणि परतताना ती ऊर्जा वर्तुळाच्या पायऱ्यांकडे वळते. चुंबकीय क्षेत्राच्या ठरावीक किमतींना विजेचं वहन थेट शून्यावर आलं. हा शोध २०१० सालचा. पुढे असंही दिसलं, की अशा वेळी इलेक्ट्रॉन त्यांना आवरणाऱ्या विद्युत क्षेत्राला न जुमानता कडेला सरकतात. सारख्या भाराच्या कणांनी अशी दाटी करावी, हे मला अजूनही अजब वाटतं.

याच इलेक्ट्रॉनांपासून क्वांटम संगणक करावा, अशी कल्पना प्लॅट्झमन आणि डिकमन यांनी १९९९ साली मांडली. संगणक होईल तेव्हा होवो, या लख्ख पृष्ठाचं मोल वेगळंच आहे. अर्धवाहकात काही विचित्र दिसलं, तर अशुद्धीकडे बोट दाखवून सुटता येतं. हेलियमवर ती सोय नाही.