फोर्कलिफ्ट घेण्याआधी कोबा बघा

आपल्या धाराशिव जिल्ह्यात सोयाबीनची रास झाली, की कळंब, उमरग्यापासून सगळीकडच्या गोदामांत थप्प्या लागू लागतात. ही थप्पी लागते हमालाच्या पाठीवरून. पूर्वी साखरेचे पोते शंभर किलोंचे असे, आता ते ५० किलोंचे आहे. एका माणसाने ५५ किलोंहून जास्त ओझे वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच केली होती. पण पन्नास किलोंचे पोतेही दिवसातून शेकडो वेळा उचलायचे म्हटले, की कंबर किती वर्षे साथ देणार? म्हणून कुणी फोर्कलिफ्ट घ्यायचे म्हणाले, की मला आनंदच होतो.

आता विचारतात काय, तर "दोन टनी घेऊ की तीन टनी?" मी उलट विचारतो, "तुमचा कोबा कसा आहे?" दोन टन उचलणारे मशीन स्वतःच तीन टनांच्या वर भरते. माल उचलला की जवळजवळ सगळा भार पुढच्या दोन चाकांवर येतो. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भराव नीट नसेल, तर वरचा कोबा तडकतो. एक चाक खड्ड्यात गेले आणि माल वर उचललेला असला, तर मशीन कलंडायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट, "दोन टनी" या शब्दाची. हे वजन बहुधा काट्यांच्या मुळापासून अर्ध्या मीटरवर मालाचा मध्य धरून सांगितलेले असते. माल लांबट असेल किंवा फार उंच न्यायचा असेल, तर तेच मशीन कमी वजन पेलते. किती, ते त्याच्यावरच्या पाटीवर लिहिलेले असते. ती पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पोत्यांखाली काटे घालता येत नाहीत, त्यांना पॅलेट लागतात. प्लॅस्टिकची पोती घसरतात, तेव्हा पॅलेटवर ती विटांसारखी सांधे मोडून रचावी लागतात. खरे सांगायचे, तर लहान गोदामात थप्पी उंच लावायची नसेल, तर हाताने ओढायची पॅलेट ट्रॉली पुरते. उगाच मोठ्या मशीनचा थाट कशाला?

बंद गोदामात डिझेलचा धूर कोंडतो. तिथे बॅटरीचेच मशीन बरे. मात्र साधी बॅटरी भरायला आठेक तास लागतात. रात्री वीज सलग मिळते का, ते पाहा. चार्जिंगची जागा हवेशीर ठेवा, कारण बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो. खडी-मुरमाच्या अंगणातच काम जास्त असेल, तर हवेच्या टायरचे डिझेल मशीन चालेल.

आणि हमालांचे काय? राज्यात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. मशीन ठरवण्याआधीच टोळीशी बोला. ट्रकमध्ये पोती सुटीच येतात. ती पॅलेटवर लावायला माणसेच लागणार. चालकही त्यांच्यातूनच निवडा आणि त्याला रीतसर शिकवा. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर झुकतो. मोटार चालवणाऱ्याला हे लवकर उमगत नाही. पट्टा बांधायची सवय पहिल्याच दिवशी लावा. मशीन कलंडताना उडी मारणारा माणूस बहुधा तिच्याच खाली सापडतो.

शेवटी, सौदा पक्का करण्यापूर्वी विक्रेत्याला मशीन तुमच्या गोदामात आणायला सांगा. तुमचेच भरलेले पॅलेट, तुमचाच दरवाजा, तुमचीच वळणे. टोळीतल्या मुकादमालाही तेव्हा शेजारी उभा करा.