चिलीचें सत्तांतर

हुकूमशाहीचा अंत म्हटला कीं, रस्त्यांवरील रक्तपात, जळणारे प्रासाद आणि रातोरात पळून जाणारा सत्ताधीश हेंच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढें उभें राहतें. दक्षिण अमेरिकेंतील चिली या देशानें मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस निराळा मार्ग चोखाळला. तेथील हुकूमशहास त्याच्याच कायद्याच्या आधारें, मतपेटीच्या द्वारें, सत्तेवरून दूर करण्यांत आलें. हें यश कसें मिळालें आणि त्याचें मोल काय द्यावें लागलें, या दोन्ही गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत.

११ सप्टेंबर १९७३ रोजीं चिलीच्या सैन्यानें उठाव केला. राजधानी सांतियागो येथील अध्यक्षीय प्रासादावर विमानांतून बाँब टाकण्यांत आले, आणि लोकनियुक्त अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचा त्याच दिवशीं त्या प्रासादांत अंत झाला. सेनापति ऑगस्तो पिनोशे यांच्या हातीं सत्ता गेली. विधिमंडळ बंद झालें, राजकीय पक्षांवर बंदी आली, मतदारांच्या याद्या नष्ट करण्यांत आल्या. हजारों नागरिक पकडले गेले. त्यांतील कित्येकांचा पुन्हा पत्ताच लागला नाहीं.

परंतु निव्वळ शस्त्रबळावर उभ्या राहिलेल्या सत्तेसही कायद्याचें वस्त्र हवें असतें. १९८० मध्यें पिनोशे यांनीं, मतदारयादी अस्तित्वांत नसतांना, जनमत घेऊन नवी राज्यघटना मंजूर करवून घेतली. तींत अशी तरतूद होती कीं, आठ वर्षांच्या मुदतीअखेर सेनाप्रमुखांनीं एकच उमेदवार सुचवावा आणि जनतेनें त्यास 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच म्हणावें. 'होय' म्हटल्यास त्याची सत्ता आणखी आठ वर्षें चालावी. 'नाहीं' म्हटल्यास पुढील वर्षीं खुली निवडणूक व्हावी.

विरोधकांपुढें येथेंच पेंच पडला. या मतदानांत भाग घेणें म्हणजे हुकूमशहाच्या घटनेस मान्यता देणें नव्हे काय? १९८३ पासून झालेलीं निदर्शनें दडपून टाकण्यांत आलीं होतीं. १९८६ मध्यें एका सशस्त्र गटानें पिनोशे यांच्यावर हल्ला केला. त्यांत पांच अंगरक्षक ठार झाले, पिनोशे बचावले आणि दडपशाही अधिकच कडक झाली. पात्रिसिओ एल्विन या मुत्सद्द्यानें १९८४ मध्यें मांडलेला विचार तेव्हां हळूहळू पटूं लागला. घटना न्याय्य आहे कीं नाहीं हा वाद बाजूस ठेवावा, ती एक वस्तुस्थिति म्हणून धरावी आणि तिच्यांतूनच वाट काढावी, असें त्यांचें म्हणणें होतें.

ही वाट आपोआप खुली झाली नाहीं. राजवटीच्याच घटना-न्यायालयानें १९८५ मध्यें असा निर्णय दिला कीं, हें जनमत स्वतंत्र निवडणूक-न्यायालयाच्या देखरेखीखालींच घेतलें पाहिजे. १९८७ मध्यें मतदारनोंदणी पुन्हा सुरू झाली, आणि सुमारें ७४ लाख नागरिकांनीं आपलीं नांवें नोंदविलीं. मतदानापूर्वीं जवळजवळ महिनाभर प्रत्येक पक्षास दूरचित्रवाणीवर रोज रात्रीं पंधरा मिनिटें मिळालीं. विरोधकांनीं त्या वेळांत सूडाची भाषा न वापरतां भयमुक्त जीवनाचें आश्वासन दिलें. त्याहूनही महत्त्वाचें म्हणजे, मतदानकेंद्रांवर प्रतिनिधि नेमून त्यांनीं मतमोजणीची स्वतःची निराळी व्यवस्था उभारली.

५ ऑक्टोबर १९८८ रोजीं नोंदलेल्या मतदारांपैकीं शेंकडा ९७ जणांनीं मत दिलें. सायंकाळीं सरकारनें निवडक केंद्रांचे आंकडे देऊन 'होय' पुढें असल्याचें जाहीर केलें, परंतु विरोधकांच्या मोजणीचे आंकडे वेगळेंच सांगत होते. मध्यरात्रीनंतर प्रासादांत शिरतांना वायुदलप्रमुख फर्नांडो मातेई यांनीं, 'नाहीं' पक्ष जिंकला असें आपणांस दिसतें, हें पत्रकारांना सांगून टाकलें. निकाल दडपण्याचा मार्ग त्यामुळें बंद झाला. वैध मतांपैकीं शेंकडा ५६ मतें विरोधांत पडलीं होतीं. पुढील वर्षीं डिसेंबरांत एल्विन निवडून आले, आणि ११ मार्च १९९० रोजीं पिनोशे यांनीं त्यांच्याकडे अध्यक्षपद सोंपविलें.

परंतु पिनोशे यांनीं सैन्य सोडलें नव्हतें. मार्च १९९८ पर्यंत ते सेनापतिपदावर राहिले. विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहांत निवडून न आलेले सभासद बसत. ती पद्धति २००५ मध्यें रद्द झाली. १९७८ च्या माफीच्या हुकुमामुळें आरंभींच्या वर्षांतील बहुतेक अपराध न्यायालयापुढें येऊं शकत नव्हते. एल्विन यांनीं नेमलेल्या राउल रेत्तिग यांच्या समितीनें १९९१ मध्यें २,२७९ बळींची नोंद केली, आणि एल्विन यांनीं राष्ट्राच्या वतीनें त्यांच्या कुटुंबीयांची जाहीर क्षमा मागितली. तथापि नाहींशा झालेल्या पुत्राचें काय झालें, हें विचारणाऱ्या मातेला क्षमायाचनेनें उत्तर मिळत नाहीं. १९९८ मध्यें पिनोशे यांना अटक झाली, तीही चिलींत नव्हे, लंडनमध्यें. आणि २००६ मध्यें ते मरण पावले तेव्हां त्यांच्यावरील एकाही खटल्याचा निकाल लागला नव्हता.

१९८० च्या त्या घटनेंत पुढें पुष्कळ फेरफार झाले. तिच्या जागीं नवी घटना आणण्यासाठीं तयार केलेले दोन मसुदे मात्र जनतेनेंच २०२२ व २०२३ मध्यें नाकारले. शांततेनें मिळालेल्या लोकशाहीस जुन्या सत्तेचें कर्ज दीर्घकाळ फेडावें लागतें, असें यावरून दिसतें. तें कर्ज जड होतें यांत शंका नाहीं. तरीही रणांगणावर तडजोड झाली असती, तर किती घरें आणखी उजाड झालीं असतीं, हा प्रश्न त्याच्यासमोर ठेवूनच त्याचें माप घेतलें पाहिजे. आणि ज्यांचीं घरें आधींच उजाड झालीं होतीं, त्यांना हा हिशेब विचारण्याचा अधिकार राहतो, हेंही विसरतां येत नाहीं.