बेळगावचे बारा महिने



साहित्य संस्थेच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टरला का बोलावलं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. मलाही वाटलं. संयोजकांना विचारलं, तर ते म्हणाले, “डॉक्टर, पुस्तकांवर बोलणारे पुष्कळ आहेत. तुम्ही गावावर बोला. गावची नाडी तुमच्या हातात असते.” नाडीचं मला माहीत नाही. केसपेपर मात्र हातात असतात, आणि आजचा विषय मला त्या केसपेपरांनीच दिला आहे.

होमिओपॅथीत पेशंटला कुठं दुखतं एवढं विचारून भागत नाही. कधी वाढतं? थंडीत की उकाड्यात? पाऊस येण्याआधी की पडून गेल्यावर? कोरडा वारा सुटला की काय होतं? तहान किती लागते? हे सगळं लिहून घ्यावं लागतं. पस्तीसेक वर्षांपूर्वी मी दवाखाना सुरू केला तेव्हा या प्रश्नांना भरभरून उत्तरं यायची. “मिरगात बरं असतंय डॉक्टर, तरणा पाऊस लागला की गुडघे धरतात.” वडगावातले हातमागावर बसणारे म्हणायचे, “म्हातारा सरेपर्यंत पाय उचलत नाही बघा.” आज पंचविशीतल्या मुलाला हेच विचारलं की तो म्हणतो, “एसीत बसलं की वाढतं.” बरं, पावसाळ्यात? “तसं कधी लक्षात नाही आलं.”

या मुलाला मी दोष देत नाही. सकाळी सातला तो घर सोडतो, रात्री नऊला परत येतो. पण त्याचं गाव त्याच्या अंगाला लागलेलंच नाही, ही गोष्ट मला डॉक्टर म्हणून आणि बेळगावकर म्हणूनही टोचते. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं पुण्यात, बेंगळुरात नाहीतर परदेशात आहेत. त्यांच्यासाठी बेळगाव म्हणजे दोन विषय: एक, जुनं घर ठेवायचं की विकायचं; आणि दुसरा, सीमाप्रश्न. सीमाप्रश्नावर माझी मतं आहेत, तुमचीही असतील. आज तो विषय नाही. पण ज्या गावाचं फक्त भांडण मुलांना माहीत आहे, त्या गावाची ओढ त्यांना कुठून लागणार? भांडण वारशानं मिळतं तसं सुखही मिळायला हवं. म्हणून आज मी बेळगावच्या सुखाबद्दल बोलणार आहे, आणि ते ऋतूंच्या क्रमानं सांगणार आहे.

आधी आपण कुठं उभे आहोत ते पाहू. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबी. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. तिथला पाऊस आठ आठ दिवस घराबाहेर पडू देत नाही. पूर्वेला दोन तास गेलं की सौंदत्तीकडचं काळं रान, तिथं ज्वारी आणि आभाळाकडं लागलेले डोळे. हीच मलप्रभा पश्चिमेच्या जंगलातून निघून त्या कोरड्या रानात जाते. आपण या दोन्हींच्या मध्ये आहोत. भात आणि भाकरी दोन्ही आपलं रोजचं जेवण झालं, ते या जागेमुळं.

वैशाखापासून सुरू करू. दुपारी आभाळ पूर्वेकडून काळं होतं, वारा उलटा फिरतो, आणि वळीव कोसळतो. कधी गाराही पडतात. खानापूरकडच्या बायका पाट्या घेऊन बाजारात बसतात: करवंदं, जांभळं, फणसाचे गरे. चोर्ला घाटातून गोव्याचा मानकुराद वर येतो. याच महिन्यात आपली शिवजयंती, रात्रभर चालणारे चित्ररथ. आणि याच महिन्यात आम्हा जैनांची अक्षय तृतीया. भगवान ऋषभदेवांनी दीर्घ उपवासानंतर उसाचा रस घेतला, तो हा दिवस. उन्हाळ्याच्या ऐन तोंडावर उपवास सोडायला उसाचा रस! ज्यांनी कोणी ही परंपरा जपली, त्यांना ऋतूही कळत होता आणि शरीरही कळत होतं, असं माझ्यातल्या डॉक्टरला नेहमी वाटतं.

मग येतो मिरग, सात-आठ जूनचा. आपल्या पश्चिम भागातला शेतकरी पावसाची वाट बघत बसत नाही. तो कोरड्या मातीतच भात पेरतो, याला धूळवाफ म्हणतात. आधी बी मातीत टाकायचं आणि मग आभाळाकडं बघायचं. आपल्याकडं मृगाला मिरग म्हणतात. कन्नड शेतकरीही ‘मिरगा मळी’ म्हणतो. नक्षत्र एक, पाऊस एक, काळजीही एकच.

पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. तरुणांसाठी सांगतो. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात जोरानं कोसळतो तो तरणा. त्यानंतर रेंगाळत, कुरकुरत पडतो तो म्हातारा. माझ्या दवाखान्यातली गर्दीही याच चालीनं चालते. तरण्यात सर्दी-तापाचे पेशंट येतात, म्हाताऱ्यात सांधे आणि दमा.

बैलांच्या सणाची गंमत पाहा. मराठी दिनदर्शिका उघडा. ज्येष्ठ पौर्णिमेला ‘कर्नाटकी बेंदूर’ लिहिलेलं असतं. आपले शेजारी त्याला कारहुणवी म्हणतात. आषाढी पौर्णिमेला महाराष्ट्रीय बेंदूर. श्रावणी अमावास्येला पोळा. बैल तोच, त्याचा मान करायचे दिवस तीन. आपल्या आसपासच्या खेड्यांत कुठल्या घरी कुठल्या दिवशी बैलाची शिंगं रंगतात ते विचारत फिरलात, तर कुठल्याही नकाशापेक्षा या भागाची जास्त ओळख होईल.

आषाढ सरता सरता चातुर्मास लागतो. आमचे मुनी या चार महिन्यांत विहार थांबवतात आणि एकाच गावी राहतात. पावसात जमिनीवर असंख्य जीव निर्माण होतात, चालताना त्यांची हिंसा होऊ नये, हे त्याचं कारण. घरी पालेभाज्या बंद, पाणी गाळून, जेवण दिवसाउजेडी. यातल्या धर्माबद्दल बोलायला मी अधिकारी नाही. पण एक गोष्ट मला त्यातून सगळ्यांसाठी घ्यावीशी वाटते: चार महिने एका जागी थांबायचं आणि पायाखाली काय जगतंय ते बघत पाऊल टाकायचं. आपलं गाव कळायला याहून वेगळं काही लागत नाही.

श्रावणात पंचमी येते. झाडाला झोपाळे, ज्वारीच्या लाह्या, माहेरी आलेल्या लेकी. कन्नड घरांतही हीच पंचमी, तिथं लाडवांचे डबे भरतात. भाद्रपदात चतुर्थीला गणपती बसतात आणि पंचमीला आमचं दशलक्षण पर्व सुरू होतं. दोन्हींची सांगता एकाच दिवशी, अनंत चतुर्दशीला. आमच्या गल्लीत गणपतीच्या दिवसांत शेजारच्या काकू संध्याकाळची आरती थोडी लवकर उरकायच्या. कारण एकच, डॉक्टरांच्या घरी मोदक दिवस मावळायच्या आत पोचायला हवेत. कोणी सांगितलं नव्हतं, ठराव झाला नव्हता. गाव म्हणतात ते याला.

दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो. सीमाभागात राहणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द थोडा मिश्कील होतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल. आपण आपट्याचं पान देतो आणि सोन्यासारखं राहा म्हणतो. माझे कन्नड पेशंट शमीचं पान हातावर ठेवून म्हणतात, “बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु.” बन्नी घेऊन बंगारासारखे, म्हणजे सोन्यासारखे राहू या. झाडं दोन, भाषा दोन, इच्छा मात्र तीच. फरक इतकाच की आपण ‘राहा’ म्हणतो, ते ‘राहू या’ म्हणतात. ते ‘राहू या’ मला जास्त आवडतं.

थंडीत बेळगाव सर्वांत देखणं असतं. सकाळी किल्ल्याच्या खंदकावर धुकं, बाजारात ओला पावटा, हरभऱ्याच्या जुड्या आणि तालुक्याच्या पश्चिमेकडून आलेली रताळी. माझे काही शेतकरी पेशंट प्रेमानं अर्धं पोतं रताळी दवाखान्यात आणून ठेवतात. आमच्या घरी कंदमूळ चालत नाही, हे त्यांना वीस वर्षांपासून माहीत आहे. तरी आणतात. कंपाउंडरच्या घरी रताळ्याच्या पुरणाची पोळी होते आणि तिचं वर्णन मला ऐकायला मिळतं. पूर्व भागात एळ्ळ अमावास्येला सगळं घर शेतात जेवायला जातं आणि जमिनीला पहिला घास दिला जातो. मग भोगीची तीळ लावलेली भाकरी, आणि संक्रांत.

याच थंडीत एका सकाळी मुलांना घेऊन किल्ल्यात जा. कमल बस्तीत जा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्यानं ती १२०४ साली बांधली. आत नेमिनाथांची मूर्ती, आणि मान वर केली की छतावर दगडात उलटं उमललेलं कमळ. आठशे वर्षं होऊन गेली. तेव्हा आपल्या गावचं नाव वेणुग्राम होतं, म्हणजे वेळूंचं, बांबूंचं गाव. तिथून थोडं चाललं की सफा मशीद, आदिलशाही काळातली. आणखी पुढं रामकृष्ण आश्रम. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले, तेव्हा किल्ल्यात हरिपद मित्र यांच्याकडं त्यांचा मुक्काम होता. त्याआधी ते शहरात भाटे वकिलांकडं उतरले होते. म्हणजे एका मराठी घरातून एका बंगाली घरात! एका खंदकाच्या आत एवढं सगळं आहे, आणि आपण तिथून स्कूटरवरून रोज जातो.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे. १९२४ साली गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथं, आणि त्या अधिवेशनाला पाणी पुरवायला ही विहीर खणली. त्याआधी १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीगची स्थापना इथंच केली. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. म्हणजे आपले आजोबा भाजी आणायला निघायचे आणि दुसऱ्या राज्यात पोचायचे! सीमा येतात, जातात, सरकतात. हे आपल्याइतकं कोणाला माहीत असणार?

आता भाषेबद्दल थोडं, कारण ही साहित्य संस्था आहे. पुण्याला गेलेली आपली मुलं ‘काय करायलास?’ असं विचारणं हळूच सोडून देतात. कोणीतरी हसतं म्हणून. त्यांना श्रवणबेळगोळची एक गोष्ट सांगा. गोमटेश्वराच्या पायाशी मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक कोरलेला आहे. मूर्ती जैनांची, भूमी कन्नड, आणि अक्षरं मराठी. त्यात मूर्तीभोवतीच्या बांधकामासाठी ‘सुत्ताले’ असा शब्द आहे. तो कन्नडातला आहे. सुत्तु म्हणजे भोवती. म्हणजे मराठी दगडावर उमटली तेव्हाच तिच्या पदरात कन्नड शब्द होता. पुण्यात तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा हे शब्द चालतात ना? तेही तिकडूनच आलेले. मग आपल्या बोलीची लाज कशाला? १९४६ साली याच गावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या अभिमानाबरोबर रोजची, घरची, पावसाळी मराठीही जपली पाहिजे. ठरावात ती मावत नाही.

आपल्या सुळेभावीत १९२४ साली एक कन्नड मुलगा जन्मला. पुढं आजारपणामुळं तो माळव्यात देवासला राहायला गेला. अंथरुणावर पडून त्यानं तिथल्या बायकांची गाणी ऐकली, ती गोळा केली, आणि वर्षा, हेमंत, वसंत अशा ऋतूंचे गाण्याचे कार्यक्रम उभे केले. ते कुमार गंधर्व. परक्या गावी, आजारी असताना, कान उघडे ठेवून माणूस एवढं मिळवू शकतो. आपण तर आपल्याच गावी आहोत, आणि बऱ्यापैकी धडधाकट आहोत!

शेवटी डॉक्टरनं काहीतरी लिहून द्यायला हवं. माझं प्रिस्क्रिप्शन साधं आहे. दोनशे पानी एक वही आणा. वर ‘ऋतुवही’ लिहा. रोज नको, आठवड्यातून एकदा त्यात चार ओळी लिहायच्या. पहिली, वारा-पाऊस कसा होता. दुसरी, बाजारात नवीन काय आलं. तिसरी, घरात काय शिजलं. चौथी, एखादा शब्द जो तुमची आई किंवा आजी वापरायची आणि आता घरात ऐकू येत नाही. कन्नड शब्द आठवला तर तोही लिहा. परदेशातल्या मुलाला फोन केलात की ‘जेवलास काय?’ यानंतर त्या चार ओळी वाचून दाखवा. आणि त्यालाही विचारा, तुझ्याकडं आज कसला वारा आहे?

जुनं घर राहील की नाही हे मी सांगू शकत नाही. तो हिशेब प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण घर गेलं तरी वही पेटीत जाऊ शकते. तुमच्या नातवाला उद्या कोणी विचारलं, तुम्ही मूळचे कुठले, तर त्याच्याकडं भांडणाखेरीज सांगण्यासारखं काहीतरी असेल.

संक्रांत चार दिवसांवर आली आहे. बाहेर गारठा आहे, बाजारात पावटा आहे. घरी गेल्यावर एवढंच लिहिलंत तरी पहिली नोंद झाली.

तीळगूळ घ्या, गोड बोला, आणि दोन्ही भाषांत बोला. नमस्कार.